निवाडा आणि सूप

नमस्कार, श्रोतेहो.

तांदूळ निवडायचं काम आता फारसं कुणाच्या घरी उरलेलं नाही. पिशवीतून निघतात ते थेट पातेल्यात जातात. पण मी सहावीत होतो तेव्हा बार्देसातल्या आमच्या वाड्यावर शेजारच्या मावशी रोज दुपार कलली की उकड्या तांदळांचं सूप मांडीवर घेऊन बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायच्या. आधी पाखडणं. कोंडा उडायचा आणि पायरीखाली कोंबड्या जमायच्या. मग खरं काम. बोटानं दाणे पुढं सारत सारत खडा शोधायचा. उकडा तांदूळ तांबूस आणि खडाही तांबूस. चष्मा नाकावर घसरलेला, आणि तोंडानं सगळ्या वाड्याच्या बातम्या चालू.

त्या बल्कांवावर एक दिवस मी रडकुंडीला येऊन गेलो. खेळताना भांडण झालं म्हणून वर्गातल्या एका मुलानं मला सुनावलं होतं, "तूं क्रिस्तांव न्हय. तूं यमकोंडांत वतलो!" यमकोंड म्हणजे नरक. बघा, ख्रिस्ती नरक, पण आमच्या गोव्यात त्याला नाव यमाचं. ही गंमत मला पुढं कळली. त्या दिवशी नुसती भीती वाटली होती.

मावशींनी सूप काही खाली ठेवलं नाही. एक खडा उचलून अंगणात भिरकावला आणि म्हणाल्या, "देव निवडटलो. तो भुरगो कोण निवडपी?" देव निवडेल, ते पोर कोण निवडणारं?

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढं मराठी शिकवायला लागलो तेव्हा एकदा फळ्यावर 'निवाडा' हा शब्द लिहिला आणि खडू हातातच राहिला. निवाडा हा निवडण्यातूनच आलेला शब्द! बायबलाचा नवा करार मुळात ग्रीक भाषेतला. त्यात न्यायाला जो शब्द आहे, क्रिसिस, त्याच्याही मुळाशी वेगळं करणं, निवडणं हाच अर्थ आहे. बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या ख्रिस्ताविषयी सांगतो, तेव्हा मराठी बायबलात शब्द येतात की त्याच्या हातात सूप आहे, तो आपलं खळं स्वच्छ करील, गहू कोठारात साठवील आणि भूस न विझणाऱ्या आगीत जाळील. मूळ शब्दाचा अर्थ उफणणीचं लाकडी फावडं असा आहे. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तिथं सूप ठेवलं. मला विचाराल तर त्यांनी फार नेमकं काम केलं.

गोव्यातले ख्रिस्ती बांधव कोंकणीत शेवटच्या निवाड्याच्या दिवसाला 'झडतेचो दीस' म्हणतात. झडती म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात, पण हिशेब तपासणं हाही तिचा एक अर्थ. तेव्हा एकीकडे सूप, दुसरीकडे चोपडी. आणि आगीचा उल्लेख मी गाळलेला नाही, कारण येशूच्या तोंडी तो पुन्हा पुन्हा येतो. त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

प्रश्न आहे तो भूस कोण, याचा. त्या मुलाच्या हिशेबी उत्तर सोपं होतं. चर्चला जातो तो गहू, देवळात जातो तो भूस. शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या जीवनकथा, वाचायला घेतली की मात्र हे उत्तर टिकत नाही. अविश्वासाबद्दलचे येशूचे कडक शब्द कुणासाठी आहेत ते बघा. नासरेथ हे त्याचं स्वतःचं गाव. तिथं लोक म्हणतात, अहो, हा तर सुतार, ह्याची आई, ह्याचे भाऊ आपल्या ओळखीचे. मार्क लिहितो की त्यांचा अविश्वास पाहून येशूला आश्चर्य वाटलं. आणि विश्वास पाहून आश्चर्य वाटलं ते कुणाचा? कफर्णहूमातल्या रोमी शताधिपतीचा. परका, परधर्मी, वर राज्यकर्त्यांचा लष्करी माणूस. त्याच्या निमित्तानं येशू म्हणतो की पूर्वेकडून, पश्चिमेकडून पुष्कळजण येऊन पंगतीला बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेरच्या अंधारात टाकले जातील. राज्याचे पुत्र, म्हणजे घरचेच लोक.

शंका घेणं म्हणजेही अविश्वास नव्हे, निदान ज्यानं माणूस दोषी ठरतो तो अविश्वास नव्हे. आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप येशूला ओरडून सांगतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. एकाच दमात दोन्ही! त्याचा मुलगा बरा होतो. थोमा या शिष्यानं तर, येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असं साफ सांगितलं. त्याला कानपिचकी मिळाली, पण हाकललं नाही कुणी. योहानाच्या शुभवर्तमानात जिथं विश्वास न ठेवणाऱ्याचा निवाडा आधीच झाला आहे असं म्हटलंय, तिथंच पुढच्या ओळीत निवाडा म्हणजे काय तेही सांगितलंय: उजेड जगात आला, आणि माणसांना उजेडापेक्षा अंधार आवडला, कारण त्यांची कृत्यं वाईट होती. म्हणजे न कळणं वेगळं, आणि कळून तोंड फिरवणं वेगळं.

गोव्यात बसून हा विषय काढायचा आणि इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचं, नाव घ्यायचं नाही, हे बरं नव्हे. 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर, जुन्या गोव्यात ते न्यायासन चाललं. ज्या वाड्यात चाललं त्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. बाटवलेला माणूस घरात तुळस ठेवतो का, जुने विधी करतो का, याची झडती माणसंच घेत होती. आणि त्याच धर्मग्रंथात मत्तयाच्या तेराव्या अध्यायात निदणाची गोष्ट आहे. गव्हाच्या शेतात रात्री कुणीतरी तण पेरतं. कणसं येईपर्यंत ते तण हुबेहूब गव्हासारखं दिसतं. नोकर विचारतात, उपटू का? मालक म्हणतो, नको, निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. भातशेतीची बेणणी केलेल्या कुणालाही हे पटेल. व्हडल्या घरातल्या न्यायाधीशांनी ही गोष्ट वाचली नसेल, असं कसं म्हणावं?

त्याच काळात गोव्यातल्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री मराठी ओव्या रचत होता. त्याचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यात ऐकणारे पाद्रीला शंका विचारतात आणि पाद्री उत्तरं देतो. जुन्या गोव्यात शंका हा गुन्हा, आणि काही कोसांवर रायतूरला तीच शंका ओवीचं निमित्त. मला तरी यातला दुसरा गोवा आपला वाटतो.

मग माझ्यासारख्या, बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाचं काय? 1442 मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स धर्मसभेचं उत्तर कठोर होतं. चर्चबाहेरच्यांना न विझणारी आग. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं वेगळ्या शब्दांत मांडलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळ्या ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही. पण याचं बीज नव्या करारातल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सापडतं. ज्यांच्यापाशी नियमशास्त्र नाही त्यांच्या हृदयावर ते लिहिलेलं असतं, असं पौल तिथं म्हणतो.

आणि शेवटच्या निवाड्याचं जे चित्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, शेरडं एका बाजूला आणि मेंढरं दुसऱ्या बाजूला, त्यात कुणाचा धर्म विचारलेला नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच. दोन्ही बाजूचे लोक चकित होऊन एकच गोष्ट विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी पाहिलं?

मावशींनी त्या दिवशी मला बाजूला बसवून घेतलं, सुपातले दोन मुठी तांदूळ माझ्यापुढं केळीच्या पानावर ओतले आणि खडे काढायला लावले. मी भराभर काढले. त्यांनी बघितलं, तर मी फेकलेल्यातले निम्मे दाणे तांदळाचेच होते, थोडे काळवंडलेले. त्या हसल्या, वाकून एकेक वेचत परत सुपात टाकू लागल्या. माडांमागं ऊन गेलं होतं. चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला, सूप उचललं आणि उरलेलं काम उद्यावर टाकत म्हणाल्या, "उजवाड गेलो रे. उरिल्लें फाल्यां."