गट कोणता?

श्रोतेहो, नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात रक्तदान शिबिर होतं. नोंदणीला मी बसलो होतो. फॉर्मवर एका रकान्यात नुसतं 'गट' छापलेलं. पन्नाशी ओलांडलेल्या एका आप्पांनी तिथे लिहिलं, २१४. पोरं हसली. आप्पा शांतपणे म्हणाले, "मास्तर, मना गट ते हाऊच शे."

तो त्यांच्या केळीच्या मळ्याचा गट नंबर होता, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. जमिनीचे तुकडे पडू नयेत आणि विखुरलेले तुकडे एकत्र यावेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन सातबाऱ्यावर गट नंबर आले. शेतकऱ्याला गट म्हटलं की आधी तोच आठवणार.

'ग्रुप' हा इंग्रजी शब्द आपण मराठीत 'गट' म्हणून घेतला आणि मग त्याच्यावर सगळाच भार टाकला. तो इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये इटालियनमधून. तिथे त्याच्या मुळाशी गाठ हा अर्थ आहे. आधी तो चित्रकारांचा शब्द होता: चित्रात एकमेकांना लागून रेखाटलेल्या आकृत्या म्हणजे ग्रुप. ही गाठ मला फार आवडते. कारण प्रत्येक वेळी विचारायचं तेच असतं, की इथे कशाची कशाशी गाठ बांधली आहे?

जिल्हा परिषदेच्या एका गटात, म्हणजे मतदारसंघात, पंचायत समितीचे दोन गण. पण रसायनशास्त्रात ग्रुपलाच गण म्हणतात. आवर्तसारणीचे उभे १८ स्तंभ, ते गण. गटविकास अधिकाऱ्यांच्या नावातला गट तर ग्रुप नव्हेच, तो ब्लॉक. बचत गटात मात्र दहा-वीस बायकांची गाठ खरोखर एकमेकींच्या शब्दाशी असते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जातात.

रक्ताचं तसं नाही. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे प्रकार वेगळे करून दाखवले. तिथे गट म्हणजे तांबड्या पेशीवरची खूण. ए आणि बी या खुणा एच नावाच्या पायावर उभ्या राहतात. ओ गटात नुसता पाया असतो. आणि १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं, ज्यात हा पायाही नाही. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतं. पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर त्याचं शरीर ते नष्ट करू लागतं आणि जीव धोक्यात येतो. त्याला रक्त लागतं ते बॉम्बे गटाचंच. एका अक्षरावर विसंबलं की काय होतं, ते इथे कळतं.

आपल्या बोलण्यात हा नेमकेपणा पूर्वीपासून आहे. आप्पांच्या मळ्यात केळीचा घड असतो, घडात फण्या असतात; फणीला घड म्हणाल तर व्यापारीसुद्धा थांबवेल. गुरांचा कळप, पाखरांचा थवा, मेथीची जुडी, कडब्याची पेंढी. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट ज्यांनी एकत्र खायचे, ते भाऊबंद. त्यांना कुणी ग्रुप म्हटलं तर मला खरंच वाईट वाटतं, कारण कुळ आणि ताट दोन्ही त्या शब्दातून निसटतात.

आप्पांचा २१४ मी खोडला नाही. शेजारी 'रक्तगट' लिहिलं आणि त्यांच्या बोटाचा थेंब तपासायला पाठवला. बी पॉझिटिव्ह निघालं. पुढच्या शिबिराआधी फॉर्म नव्याने छापून घेतले. त्या रकान्यात आता 'रक्तगट' असा अख्खा शब्द आहे.