आभाळ येतं, आकाश येत नाही

मंडळी, बाहेर काळोखी दाटली की आपण काय म्हणतो? 'आभाळ आलंय, कपडे आत घ्या.' पण 'आकाश आलंय' असं कोणी म्हणतं का हो? कधीच नाही. आकाश कुठून येणार, ते तिथेच असतं की! मग आभाळ कसं येतं, भरतं कसं, आणि दुपारनंतर उघडतं कसं? कारण आभाळ म्हणजे मुळात ढग.

शब्द आलाय संस्कृत 'अभ्र'वरून. अभ्र म्हणजे ढग. प्राकृतात त्याचं झालं 'अब्भ', आणि मग जसं चक्रचं चक्क होऊन चाक झालं, व्याघ्रचं वग्घ होऊन वाघ झाला, अगदी तसंच इथेही जोडाक्षर सुटलं, आधीचा अ लांबून आ झाला, शेवटी 'आळ' चिकटलं. गुजरातीत नुसतं 'आभ' उरलंय, अर्थ आकाश.

आता ढगाचं आकाश झालं कधी? तर खूपच आधी. अमरकोशात अभ्र हा शब्द दोनदा येतो, एकदा आकाशाच्या नावांत आणि एकदा ढगाच्या नावांत. मला हे फार आवडतं. वर बघितलं, जे दिसलं त्याला नाव दिलं, तो ढग की त्याच्या मागचं निळं, हा भेद बोलणाऱ्याला पडलाच नसेल. म्हणूनच 'निरभ्र आभाळ' म्हणणाऱ्याला कोणी चूक काढली तर मला पटत नाही, मुळात अर्थ 'बिनढगांचा ढग' असा होतो हे खरं, पण शब्द तोवर ढग सोडून वर गेलेला असतो ना.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. आपलं 'नभ' घ्या. नभस् म्हणजे आधी धुकं, ढग, मग आकाश. श्रावण-भाद्रपदाची वैदिक नावं नभस् आणि नभस्य, म्हणजे ढगांचेच महिने. त्याच मुळातून रशियनमध्ये 'न्येबो' म्हणजे आकाश, ग्रीकमध्ये 'नेफोस' म्हणजे ढग, लॅटिनमध्ये 'नेब्युला' म्हणजे धुकं. इंग्रजी 'स्काय'चं मूळ वेगळं, पण जुन्या नॉर्स भाषेत त्याचाही अर्थ ढगच होता! अभ्र आणि नभ हेसुद्धा एकाच मुळातले मानले जातात.

मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांची ओळ असते, तिच्या जरा खाली एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो, अंधारी जागा असेल तर नुसत्या डोळ्यांनीही. सुमारे १३०० प्रकाशवर्षं लांबचा वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे तो, आत नवे तारे तयार होतायत. इंग्रजीत त्याला नेब्युला म्हणतात, मराठीत अभ्रिका. एक नाव नभच्या भावंडाचं, दुसरं थेट अभ्रचं, म्हणजे फिरून एकाच घरातलं. आणि ही अभ्रिका बघायची तर रात्र मात्र अगदी निरभ्र लागते.