तळ्यावरची मशीद : मुंबईची जामा मशीद

(दृश्य : धोबी तलावाचा चौक, सकाळची वाहतूक)

धोबी तलावाला तलाव नाही. गोवालिया टँकला टँक नाही. सी. पी. टँक, दो टाकी, बाबुला टँक... बसच्या पाट्यांवर नावं उरली, पाणी केव्हाच बुजवलं गेलं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि तळ्यांची गरज संपली. पुढे मलेरियाच्या धास्तीने विहिरीही एकेक करून बंद झाल्या.

एक जुनं तळं मात्र वाचलं. बाहेरून ते दिसत नाही, कारण त्याच्यावर मशीद उभी आहे.

(दृश्य : शेख मेमन स्ट्रीट)

क्रॉफर्ड मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीटमध्ये शिरा. पाठीवर गाठोडी घेतलेले हमाल तुम्हाला बाजूला सारत पुढे जातील. कापड, घड्याळं, अत्तरं, टोप्या. हा रस्ता सरळ झवेरी बाजारात जातो आणि त्यापुढे मुंबादेवी. या गर्दीत जामा मशीद पटकन नजरेत भरत नाही. चारी बाजूंनी दुमजली इमारतींचं कडं आहे आणि खाली दुकानं. १९०९-१० च्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमध्येही (सरकारी माहितीग्रंथात) हेच वर्णन सापडतं : गच्चीच्या छपरांच्या दुमजली इमारती, तळमजले दुकानांना भाड्याने दिलेले. लांबून बघून थक्क व्हावं अशी ही वास्तू नाही. तिचं खरं काम खाली, पाण्यात आहे.

अठराव्या शतकात इथे बाजार नव्हता. बागा होत्या, मोकळी जमीन होती आणि मध्ये एक मोठं तळं. इंग्रजांनी किल्ल्याभोवतीचा पट्टा तोफांच्या माऱ्यासाठी मोकळा करायला घेतला, तसं देशी लोकांचं गाव उत्तरेकडे सरकू लागलं. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. १७७० च्या दशकात तिथे मशीद बांधायचं ठरलं तेव्हा त्याने जमीन दिली, पण एका अटीवर : तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

अट साधी, पण बांधणाऱ्यांची चांगलीच पंचाईत करणारी. भर घालून वर पाया रचणं सोपं होतं. ते करायचं नाही म्हटल्यावर एकच वाट उरली, तळ्यावरच मशीद उभारायची. सुरुवातीला पाण्यावर एकमजली इमारत झाली. बांधकाम रेंगाळत रेंगाळत १८०२ मध्ये पुरं झालं.

ते साल मशिदीच्या नावातच लपवलेलं आहे. अरबी-फारसीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. शब्द असे निवडायचे की अक्षरांची बेरीज केली की साल निघावं. या मशिदीचे शब्द आहेत ‘जहाज-ए-आखिरत’, परलोकाचं जहाज.

(पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटतात)

जीम तीन, हे पाच, अलिफ एक, झे सात. झाले सोळा. मग आखिरत : अलिफ एक, खे सहाशे, रे दोनशे, ते चारशे. झाले बाराशे एक. एकूण १२१७. हिजरी १२१७, म्हणजे इसवी सन १८०२. ज्याला हे सुचलं त्याने वर मशीद आणि खाली पाणी डोळ्यांसमोर ठेवलं असणार. आणि ऐकणारेही दर्यावर्दीच होते. कोकणी मुसलमानांमध्ये नाखुदे (जहाजांचे कप्तान), व्यापारी, जहाजांचे मालक कितीतरी. घरात बोली कोकणी, नमाज शाफई (सुन्नींच्या चार पंथांपैकी एक) पंथाचा. किनाऱ्याच्या अरबांशी जुन्या नात्याची ही खूण. शेजारचा जंजिकर स्ट्रीट आजही जंजिऱ्याची आठवण सांगतो.

मशीद पुरी झाली आणि दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १८०३ मध्ये, किल्ल्यात मोठी आग लागली. बेघर झालेली कितीतरी माणसं किल्ल्याबाहेर येऊन वसली. बागांच्या जागी चाळी आणि पेढ्या आल्या. वस्ती वाढली तशी मशीदही वर चढली. वरच्या बांधकामाशी महंमद अली रोघे यांचं नाव जोडलं जातं. रोघे म्हणजे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार, चीनच्या व्यापारातले मोठे आसामी. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती, हे सांगायला हवं. मुंबईत त्या काळी उभ्या राहिलेल्या अनेक धर्मादाय इमारतींचा पैसा याच जहाजांतून आला.

(दृश्य : पूर्वेचा दरवाजा, आतलं अंगण, मग पायऱ्या)

पूर्वेच्या दरवाजातून आत आलं की समोर अंगण आणि त्यापुढे तळं. दगडी पायऱ्या आणि बांध १८९३ चे. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, माणसं इथेच पाण्याशी बसतात. एरवी मशिदीत हौद बांधून पाणी भरतात. इथे पाणी आपलं आपण येतं, तळाशी झरे आहेत. गॅझेटिअरने खोली दिली आहे सुमारे दहा फूट, आणि नोंदले आहेत सोनेरी-रुपेरी मासे आणि काही कासवं. मासे नुसते शोभेचे नाहीत. साचल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मासे त्या खातात. ज्या डासांपायी शहरातल्या विहिरी बुजल्या, त्यांचा बंदोबस्त इथे माशांकडे आहे.

आता पाण्याच्या पलीकडे बघा. तळ्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्या आहेत. अख्ख्या मशिदीचा भार त्यांच्यावर. या कमानी १८७४ च्या, म्हणजे मूळ बांधकामानंतर सत्तर वर्षांनी घातलेल्या. वरचे मजले आणि वाढती गर्दी पेलायला खालून असा भक्कम आधार लागणारच होता. कमानी घालतानाही तळं बुजवलं नाही. जमीनमालक जाऊन किती तरी वर्षं झाली होती, अट पाळली गेली.

वर चढलं की दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं. लाकडी खांबांच्या पाच रांगा आणि खांबाखांबाला धर्मग्रंथ ठेवायची जागा. उभ्या जागी हात लांबवावा आणि कुराण घ्यावं. नक्षीकामात इथे कुणी फार जीव ओतलेला नाही. विजापूरचा घुमट किंवा अहमदाबादची जाळी आठवून आलेला माणूस थोडा हिरमुसेल. ही व्यापाऱ्यांच्या बाजारपेठेतली मशीद आहे, सुलतानाची नव्हे. जागेचा इंच न् इंच वापरलेला.

पुस्तकांचं वेड मात्र खांबांपुरतं राहिलं नाही. ‘कुतुबखाना मोहम्मदिया’ हे इथलं ग्रंथालय अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना ठाऊक आहे. कारभार जामा मशीद ट्रस्ट पाहतो आणि मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तानही याच ट्रस्टकडे आहे. रमजानचा चाँद दिसला की नाही, याचा निर्णय ऐकायला मुंबईतले कितीतरी लोक इथल्या समितीकडे कान लावून असतात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर नमाजाच्या वेळा टाळा, शुक्रवारची दुपार तर नकोच. चपला काढा आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी कार्यालयात विचारा. मधल्या वेळेत गेलात तर पायऱ्यांवर बसून सोळाच्या सोळा कमानी सावकाश मोजता येतील.