कर्ज बिल्डरचं, सोडत सरकारची

श्रोतेहो, नमस्कार. सोडत म्हटलं की आपल्याला म्हाडा आठवते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही घरांपायी सोडत निघते. पण तिथे नंबर लागतो तो इमारत बांधणाऱ्याच्या कर्जाचा!

त्याचं असं आहे. प्रकल्प खाजगी, पण त्यासाठीचे कर्जाचे रोखे, म्हणजे बाँड, काढते सरकारी संस्था. त्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून रोखे घेणारा कमी व्याजावर राजी होतो. फेड होते प्रकल्पाच्याच मिळकतीतून. राज्याच्या तिजोरीला तोशीस नाही, बुडतो तो केंद्राचा कर. मग राज्यं कशाला हात आखडता घेतील? शेवटी १९८६ च्या करसुधारणा कायद्याने प्रत्येक राज्याला अशा रोख्यांचा वर्षाचा कोटा बांधून दिला.

२०२५ साली हा कोटा होता माणशी १३० डॉलर, किंवा राज्याला सुमारे ३८ कोटी ८८ लाख डॉलर. यातलं जे जास्त ते. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, म्हणजे तिथे माणशी साडेसहाशेच्या वर पडले. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला पाचशे कोटींहून जास्त येऊनही ओढाताण आहेच. तिथे अर्जांना गुण देतात आणि रांग लावतात. टेक्सास सोडत काढतं, घरांसाठी, कारखान्यांसाठी वेगवेगळा वाटा राखून ठेवतं, आणि १५ ऑगस्टनंतर उरलंसुरलं एकत्र करतं. मला विचाराल तर गुणांची पद्धत बरी. निदान कोण का मागे पडला, हे तरी कळतं.

एवढी झुंबड का, तर या रोख्यांबरोबर परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठीची करसवलतही मिळते. समजा, जमीन आणि इमारत मिळून खर्च तीन कोटी डॉलर. पूर्ण सवलत हवी तर त्यातले निम्मे, दीड कोटी, अशा रोख्यांतून उभे करावे लागत. २०२५ च्या नव्या कायद्याने ही अट पंचवीस टक्क्यांवर आणली, म्हणजे पाऊण कोटीत काम भागतं. ही सूट २०२५ नंतर वापरात येणाऱ्या इमारतींना, तीही जमीन-इमारतीच्या खर्चातला निदान पाच टक्के पैसा त्यानंतर काढलेल्या रोख्यांतून आला असेल तर. कोट्यात एका डॉलरची भर न पडता तेवढ्याच रोख्यांत दुप्पट इमारती बसू शकतात.

आता बाकीचे पैसे कुठून आणायचे, हे बिल्डरने बघायचं. नमस्कार.