उंदराचा जंत माणसाच्या मेंदूत कसा पोचतो?

नमस्कार मंडळी, विषय जरा किळसवाणा आहे, जेवत असाल तर हा व्हिडिओ नंतर बघा.

२०१० साली सिडनीत एका तरुणानं मित्रांच्या चिथावणीवरून बिनशंखाची गोगलगाय कच्ची खाल्ली. मेंदूला सूज आली, वर्षाहून जास्त कोमात होता, शुद्धीवर आला तो लकवा घेऊन, आणि २०१८ मध्ये गेला. कारण रॅट लंगवर्म, म्हणजे उंदराच्या फुप्फुसातला जंत. हा जंत मेंदू खात वगैरे नाही हं, ते थंबनेलवाल्यांचं!

त्याचं खरं घर उंदराच्या फुप्फुसाकडं जाणारी रक्तवाहिनी. तिथं अंडी फुटतात, अळ्या खोकल्यातून घशात येतात, गिळल्या जातात, लेंडीतून बाहेर पडतात, ती लेंडी गोगलगाय खाते, गोगलगायीला परत उंदीर खातो आणि मग अळ्या आधी मेंदूत जाऊन वाढतात नि तिथून फुप्फुसाकडं येतात. माणसात मात्र त्या मेंदूपर्यंत पोचतात आणि बहुतेक तिथंच अडकून मरतात, आणि शरीर त्यांच्यावर इतकं तुटून पडतं की मेंदूच्या आवरणाला सूज येते. भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, अंगाला मुंग्या, असं सगळं.

१९३५ मध्ये चीनमधल्या कॅन्टनच्या उंदरांत याची नोंद झाली, मग जहाजांतले उंदीर आणि मालासोबत फिरणाऱ्या गोगलगायी याला घेऊन अमेरिकेत हवाई बेटं, लुइझियानापर्यंत गेल्या. २०१९ ते २०२२ दरम्यान अटलांटाच्या झूमध्ये मेलेले ३३ उंदीर तपासले तर ७ मध्ये सापडला. स्पेनमध्ये आधी तेनेरिफ बेटावर होता, आता व्हॅलेन्सिया शहरातल्या उंदरांतही मिळालाय.

आपल्याकडं? मुंबईच्या उंदरांत तर तो १९८० च्या दशकातच सापडलाय. आणि २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादला सोयाबीन फस्त करणारी ती आफ्रिकन शंखी गोगलगाय आठवते ना, तीच जात जगभर या जंताची मोठी वाहक आहे. त्या गोगलगायींत जंत होता असं मी म्हणत नाहीये, पण शेतात वेचताना हातमोजे घाला, मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका, कच्ची पालेभाजी खायची तर पानांत बारकी गोगलगाय लपलेली नाही ना ते बघत एकेक पान सुटं करून धुवा. शिजवलं की अळ्या मरतात, त्यामुळं आपल्या भाजी-आमटीची काळजी नको.

दक्षिण भारतात काही जणांना हा आजार झाला तो कच्ची घोरपड खाऊन, कारण घोरपडही गोगलगायी खाते. ताकद येते म्हणे! एक तर घोरपड मारणं हा गुन्हा, त्यात हे.