गरम आणि प्लॅस्टिक, एवढी जोडी तोडा

नमस्कार श्रोतेहो, घरातला सगळ्यात जुना प्लॅस्टिकचा डबा जवळपास असेल तर काढा आणि आतून बोट फिरवून बघा, खरखरीत लागतं ना? नवा होता तेव्हा गुळगुळीत होता की. मग ते झिजलेलं प्लॅस्टिक गेलं कुठं? थोडं घासणीबरोबर मोरीत गेलं आणि थोडं आपल्या पोटात.

५ मिलिमीटरपेक्षा छोट्या अशा तुकड्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात, बरेचसे तर डोळ्यांना दिसतच नाहीत. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी २२ जणांचं रक्त तपासलं तर १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक निघालं. त्याने शरीराचं नेमकं किती बिघडतं यावर अजून संशोधन चालूय, पण ते पूर्ण होईपर्यंत हातावर हात धरून कशाला बसायचं?

माझं म्हणणं एकच आहे, प्लॅस्टिकला उष्णतेपासून लांब ठेवा, कारण गरम झालं की ते कण जास्त सोडतं. आयर्लंडमध्ये २०२० साली बाळांच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या, पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या, त्यात दूध बनवताना करतो तसं गरम पाणी घालून हलवलं तर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण सापडले. हे वाचलं तेव्हा मला खरंच कसंतरी झालं. पण उपाय सोपा आहे हो, पावडरचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात बनवायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मगच बाटलीत ओतायचं. मोठ्यांचंही तेच, मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचं भांडं नको, वाफाळतं जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, आणि ओरखडे पडलेला डबा आता खिळे-स्क्रू ठेवायला काढा.

पिण्याच्या पाण्यातले हे कण काढायचा उपाय तर मला फारच आवडला. भांड्यात पाणी उकळून उकळून तळाला पांढरा थर बसतो बघा, तो क्षार. चिनी शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी ५ मिनिटं उकळलं की तो क्षार प्लॅस्टिकच्या कणांभोवती बसतो आणि गाळलं की दोन्ही निघून जातात, प्लॅस्टिकचे कण ९० टक्क्यांपर्यंत. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात फरक कमी पडतो, साधारण २५ टक्के.

आणि हो, हवा राहिलीच. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात बारीक धागे तरंगताना दिसतात, त्यातले काही पॉलिस्टरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच धाग्याच्या कपड्यांचे, पडद्यांचे असतात. कोरडा झाडू मारला की ते परत हवेत उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसा, आणि रांगतं बाळ असेल तर जमीन आधी पुसून घ्या.