पाच दिवसांत छापलेला निरोप

हे चित्र २४ मे १८४५ च्या शनिवारी लंडनमध्ये विक्रीला आलं, 'द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात. तीन-तीन डोलकाठ्यांची दोन जहाजं, इरेबस आणि टेरर, आर्क्टिकच्या मोहिमेवर निघाली आहेत. त्यांनी थेम्स नदीवरच्या ग्रीनहाइथहून नांगर उचलला तो सोमवारी, १९ मेला. म्हणजे अवघ्या पाच दिवसांत बातमी चित्रासकट लोकांच्या हातात पडली होती.

हे पाच दिवस लक्षात असू द्या.

वर्तमानपत्रात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती. कठीण, गुळगुळीत लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं काढायचं. मग कारागीर जिथे पांढरं हवं तिथलं लाकूड कोरून टाकायचा. उरलेल्या उंच रेघांवर शाई बसायची. हा ठोकळा शिशाच्या खिळ्यांशेजारी, म्हणजे अक्षरांच्या ठशांशेजारी, बसवला की मजकूर आणि चित्र एकाच दाबात उमटायचं. डोलकाठ्यांवरचे हे दोर जवळून बघा. कोरणाऱ्याने शिल्लक ठेवलेला केसाएवढा लाकडाचा कणा म्हणजे एक दोर. हात जरासा घसरला तर दोर तुटला! इतक्या घाईत इतकी निगुती मला थक्क करते.

पण एवढ्याशा आकारात माणसांचे चेहरे येत नाहीत. जहाजांवर १३४ जण होते. मोहिमेचे प्रमुख सर जॉन फ्रँकलिन ५९ वर्षांचे. टेररचे कप्तान फ्रान्सिस क्रोझियर. इरेबसचा कारभार जेम्स फिट्झजेम्सकडे. हा फिट्झजेम्स त्याआधी चीनच्या युद्धात कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर होता, आणि ती नौका आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली. शिवाय जॉन ग्रेगरी. हा इंजिनवाला. कारण या शिडाच्या जहाजांत रेल्वेची वाफेची इंजिनं बसवली होती. पुढच्या टोकाला लोखंडी पत्रा, पोटात तीन वर्षांचं अन्न, हजारो डबे, वाचायला पुस्तकं. अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारा वायव्य मार्ग शोधायचा होता आणि तो सापडणार याबद्दल इंग्लंडमध्ये फारशी कोणाला शंका नव्हती. निघताना डोलकाठीवर एक कबुतर येऊन बसलं. फ्रँकलिनची मुलगी एलिनॉर हिने ते पत्रात लिहून ठेवलंय. किनाऱ्यावरच्यांना तो शुभशकुन वाटला.

ग्रीनलंडहून पाच जणांना परत पाठवलं. उरले १२९. त्याच मुक्कामातून ग्रेगरीने बायकोला, हॅनाला, पत्र धाडलं. जुलैच्या अखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमासे मारणाऱ्या दोन बोटींना ही जहाजं दिसली. त्यानंतर कुठल्याही युरोपियन माणसाला ती दिसली नाहीत.

खात्रीचा लेखी निरोप मिळाला तो १८५९ मध्ये. चौदा वर्षांनी! कॅनडाच्या उत्तरेला, किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक कागद. २८ मे १८४७ ला त्यावर लिहिलंय, सगळं ठीक. मग त्याच कागदाच्या कडेने, जागा मिळेल तसा, ११ महिन्यांनंतरचा मजकूर. सप्टेंबर १८४६ पासून जहाजं बर्फात अडकलेली. फ्रँकलिन ११ जून १८४७ ला गेले, 'सगळं ठीक'नंतर दोनच आठवड्यांनी. एकूण २४ मृत. जहाजं सोडून दिली. उरलेले १०५ जण क्रोझियरसोबत दक्षिणेला, बॅक नदीकडे निघाले. त्यातला एकही परतला नाही.

पण खरी बातमी त्याआधीच मिळाली होती. १८५४ मध्ये आर्क्टिकचे शोधक डॉक्टर जॉन रे यांना इनुइट लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, सांगितलं होतं: गोरी माणसं होडी ओढत दक्षिणेला जात होती, ती उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. पुरावा म्हणून चांदीचे चमचे होते, फ्रँकलिन यांचं पदकही होतं. लंडन खवळलं. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने इनुइटांनाच अविश्वासू ठरवलं. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त हेच बोचतं. त्या बर्फात जन्म काढणाऱ्यांची साक्ष फेटाळली, कारण ती ऐकवत नव्हती. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. २०२१ मध्ये डीएनएवरून ग्रेगरीची ओळख पटली. २०२४ मध्ये एका जबड्याची पटली, त्यावरही तशाच खुणा होत्या. तो जबडा फिट्झजेम्सचा होता.

जहाजं कुठे आहेत तेही इनुइट आजीआजोबा नातवंडांना सांगत आले होते. एक दक्षिणेला बुडालं, असं ते म्हणत. २०१४ मध्ये इरेबस त्याच बाजूला मिळालं, जेमतेम ११ मीटर खोल. दोन वर्षांनी सॅमी कोगविक या इनुइट माणसाने बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं एक लाकूड पाहिल्याचं सांगितलं, आणि टेरर सापडलं.

आता या छापील चित्रातलं टेरर पुन्हा बघा, आणि मग हे, २०१९ मध्ये पाण्याखाली यंत्राने टिपलेलं. फळ्यांवर ताटल्या मांडलेल्या. कप्तानाच्या खोलीतलं टेबल, लावलेले खण. कॅमेरा एकेका खोलीत डोकावत जातो. त्या मजल्यावर एकच दार बंद आहे, क्रोझियरच्या झोपायच्या खोलीचं. कॅमेरा आत न जाता तिथून मागे वळतो.